छापखान्याची माती

होळी झाली की भुसावळच्या बाजारातून पालेभाजी नाहीशी व्हायची, ती थेट पोळ्यापर्यंत. सहा-सात वर्षं हे असंच चाललं होतं. पारा अठ्ठेचाळीसच्या वर गेला की शेतातली मेथी उगवतानाच करपायची आणि बाहेरून येणारा माल गाडीतच मान टाकायचा. तरीही २०४३ सालच्या उन्हाळ्यात तापीनगर कॉलनीतल्या चौसष्ट घरांत रोज ताटात हिरवं काहीतरी पडत होतं. कुठे पोकळा, कुठे मेथी, कुठे मुळ्याचा पाला. याचं श्रेय सगळी कॉलनी एकाच बाईला द्यायची. हेमलता भंगाळे.

बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. अर्धी कॉलनी त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे म्हातारेकोतारे सोडले तर सगळेच त्यांना ‘बाई’ म्हणत. पुण्याच्या एका संशोधन संस्थेने तयार केलेलं जिवाणूंचं मिश्रण तीन वर्षांपूर्वी भुसावळात आलं, तेव्हा त्याची पहिली बाटली बाईंनीच आणली होती. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. लोकांनी साधं नाव दिलं, विरजण.

झाडाला लागणारं स्फुरद, पालाश, लोह दगडात आणि विटेत भरपूर असतं, पण ते कुलूपबंद असतं. मुळांना ते उचलता येत नाही. दगडाची माती व्हायला हजारो वर्षं लागतात ती या कुलपामुळेच. विरजणातले जिवाणू सौम्य आम्लं सोडत. लिंबाचा रस शहाबादी फरशीवर सांडला की ती जशी खरबरीत होते, तसं हे आम्ल विटेच्या चुऱ्यातला कण न् कण पोखरी. त्यातून सुटलेली द्रव्यं सोबतच्या बुरशीचे बारीक धागे मुळांपर्यंत पोचवत, आणि जिवाणूंचा डिंकासारखा चिकट थर पाणी धरून ठेवी. म्हणजे शेतातली माती नको की खताचं पोतं नको. पाडलेल्या घराचा राडारोडा बारीक करायचा, त्यात स्वयंपाकघरातला ओला कचरा मिसळायचा, विरजण घालायचं आणि वर हिरवी जाळी बांधायची. दिवसाला दोन तांबे पाणी पुरे. एकविसाव्या दिवशी मेथी तयार. मग त्याच टोपलीतला मूठभर चुरा शेजारणीला दिला की तिचंही लागलं.

बाईंनी घरोघर जाऊन हे शिकवलं. नवख्या माणसाला मेथी आणि मुळा, कारण ही दोन्ही सहसा दगा देत नाहीत. हात बसला की पोकळा आणि आंबटचुका. मग गॅलरीच्या कठड्यावर मायाळूचा वेल. राडारोडाही बाईंच्या घरचाच होता. त्यांचे यजमान मुरलीधरराव यांच्या वडिलांचा ‘सुबोध छापखाना’ कॉलनीच्या मागेच होता. बंद पडून चाळीस वर्षं झालेली ती इमारत दोन वर्षांपूर्वी पाडली, तेव्हा मुरलीधररावांनी एक वीटही बाहेर जाऊ दिली नाही. यंत्र आणून सगळ्याचा चुरा करून घेतला आणि कॉलनीत फुकट वाटला. “अण्णांनी गावाला अक्षरं दिली, आपण माती देऊ,” असं ते म्हणाले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी खालच्या मजल्यावरची रुखसाना तडवी बाईंच्या गच्चीवर आली. ती एसटीच्या विजेच्या बसवर कंडक्टर होती. अंगावर खाकी गणवेश, कामावर निघायच्या घाईत.

“बाई, आज थोडी जास्त भाजी मिळेल का? माझ्या टोपलीतली संपली.”

“घे की. विचारतेस काय! पाहुणे आलेत?”

“पाहुणे कुठले. आफरीनसाठी हवीय.” आफरीन तिची चार वर्षांची मुलगी. “पोट दुखतं म्हणून रडते, घास गिळत नाही, चेहरा नुसता पांढराफटक पडलाय. फेगडे डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. रक्त कमी आहे म्हणाल्या. गोळ्या दिल्यात आणि पालेभाजी वाढवायला सांगितलीय.”

बाईंनी पोकळ्याच्या दोन जुड्या कापल्या. लेकीसाठी राखून ठेवलेल्या मेथीतलीही एक जुडी वर ठेवली. त्यांची एकुलती एक मुलगी ऋजुता बाळंतपणासाठी एप्रिलातच माहेरी आली होती. सहावा महिना चालू होता. नाशिकला तिला आठवड्यातून एकदा भाजी मिळायची. इथे बाई दोन्ही वेळा वाटीभर खाऊ घालत होत्या.

“रोज येत जा,” त्या रुखसानाला म्हणाल्या. “मुलीला काही कमी पडू द्यायचं नाही.”

रुखसाना रोज येऊ लागली. पंधरा दिवस झाले. आफरीन सुधारायच्या ऐवजी आणखीच सुकली. एकदा जिन्यात रुखसाना भेटली तेव्हा मुलगी तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती.

“बाई, हिला दहापर्यंत आकडे यायचे. तुमच्यासमोर म्हणून दाखवले होते, आठवतं? आता चारवर अडते. पुढचं आठवत नाही म्हणून चिडते आणि पाटी फेकते.” बोलता बोलता रुखसानाचा आवाज खाली गेला. “आलेलं कुणी विसरतं का हो या वयात?”

उन्हाचा त्रास असेल, असं काहीतरी बाई बोलल्या. पण तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. त्याच दुपारी जेवताना ऋजुताने ताट बाजूला सारलं.

“आई, तोंडाला सारखी चमचा चोखल्यासारखी चव येते गं. आणि पोटात पीळ पडतो.”

“दिवस असताना तोंडाची चव बदलतेच,” बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गच्चीवर टोपल्या हलवत होत्या. पीक निघालेल्या टोपलीतला चुरा वरखाली करायचा आणि नवं बी टाकायचं, हे काम त्या कधीच दुसऱ्याला देत नसत. खुरप्याला काहीतरी टणक लागलं. त्यांनी बोटांनी चाचपून काढलं. करंगळीच्या पेराएवढी धातूची चौकोनी पट्टी होती. टोकाला उलटं कोरलेलं अक्षर. छापखान्यातला खिळा! लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी अशा खिळ्यांनी त्यांचं नाव जुळवून दाखवलं होतं. बाईंना क्षणभर बरं वाटलं.

मग त्यांनी तो पाण्याखाली धरला आणि उन्हात निरखून पाहिला. खिळ्याच्या कडा धारदार असतात. याच्या कडा उरल्याच नव्हत्या. चहात बुडवून काढलेल्या साखरेच्या ढेकळासारखा तो सगळीकडून विरघळला होता. अंगभर बारीक छिद्रं, अक्षराची वेलांटी निम्मी गायब.

खिळे शिशाचे असतात.

विरजण दगड खातं, विटा खातं, हे बाईंनीच सगळ्यांना शिकवलं होतं. कुलूप उघडताना ते आत काय आहे हे बघत नाही, ही गोष्ट मात्र त्यांनी कधी शिकवली नव्हती, कारण ती त्यांच्याही मनात आली नव्हती. त्या छापखान्यात पन्नास वर्षं शिसं वितळलं होतं. खिळे घासल्याची पूड फरशीच्या फटींत, भिंतींच्या गिलाव्यात, विटांच्या सांध्यांत मुरली होती. साध्या मातीत पडून राहिलं असतं तर ते बहुतेक तिथेच राहिलं असतं, कारण मुळांना शिसं सहजासहजी उचलता येत नाही. इथे त्याला विरघळवून, धाग्याधाग्याने मुळाशी नेऊन पोचवलं जात होतं. तिथून पानात. पानातून ताटात.

त्यांनी बोटांवर हिशेब केला. ऋजुता येऊन सत्तेचाळीस दिवस झाले होते. रोजच्या दोन वाट्या.

कृषी प्रयोगशाळेतले वराडे हे कोरड्या स्वभावाचे गृहस्थ होते. बाईंनी पिशवीतून पाच जुड्या आणि चुऱ्याची डबी काढून टेबलावर ठेवली तेव्हा त्यांनी नुसतं विचारलं, “कशासाठी तपासायचं?”

“शिसं.”

वराड्यांनी चष्मा वर केला. “तुमच्याकडचं विरजण तर आम्ही दर वर्षी तपासतो, बाई. उत्तम असतं.”

“तुम्ही विरजण तपासता. आम्ही ते कशात घालतो ते कोण तपासतं?”

यंत्राला दोन तास लागले. बाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. वराडे कागद घेऊन आले तेव्हा त्यांनी तो लगेच पुढे केला नाही.

“पोकळ्यात मर्यादेच्या बावीसपट आहे. मेथीत सतरा. मुळ्यात जरा कमी.” ते खुर्चीवर टेकले. “घरात लहान मूल आहे का कुणाचं?”

बाईंनी मान हलवली. लहान मुलं घरोघरी होती. आणि एक अजून जन्मालाही आलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी आधी कढईतली भाजी फेकली आणि ऋजुताला रक्त तपासायला नेलं. आकडा आला तेरा. गर्भारपणात पाचच्या वर काळजी करतात. फेगडे डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही.

“शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडात साठवतं,” त्या म्हणाल्या. “आणि बाळाची हाडं घडायला लागली की आईच्या हाडातलं कॅल्शियम मोकळं होतं, त्याच्यासोबत हेही. म्हणून आजपासून भाजी बंद केली तरी बाळापर्यंत थोडं पोचत राहणार. दूध, नाचणी, लोहाच्या गोळ्या. शरीराला खरं कॅल्शियम मिळालं की ते खोट्याच्या मागे कमी लागतं. एवढंच आपल्या हातात आहे.”

“बाळाला काय होईल?” ऋजुताने विचारलं.

“काही होणार नाही, किंवा शिकायला थोडा वेळ लागेल. ते आज कुणीच सांगू शकत नाही.”

रिक्षात ऋजुता पोटावर दोन्ही हात ठेवून बाहेर बघत राहिली.

मुरलीधररावांना सगळं सांगितलं तेव्हा ते खिळा हातात फिरवत बसले.

“अण्णा चाळीस वर्षं या खिळ्यांत हात घालून बसले होते. त्यांना काय झालं?”

“त्यांचं मनगट शेवटी लुळं पडलं होतं. पेला उचलता यायचा नाही. आपण म्हातारपण म्हणालो.”

मुरलीधररावांनी खिळा टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, “हे बघ, मी लपव म्हणत नाही. पण आजच ओरडून सांगितलंस तर काय होईल? ऑगस्टपर्यंत बाजारात भाजी नाही. लोक खाणार काय? आणि ऋजुताला या दिवसांत हा कल्लोळ सोसवेल? टोपल्यांना कीड लागलीय म्हणू. रिकाम्या करायला लावू. बाळंतपण होऊ दे, मग सांगू शांतपणे.”

बाईंना ते पटावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. कीड लागली म्हणून सांगणं किती सोपं होतं. चौसष्ट घरांनी त्यांचा शब्द तत्काळ मानला असता. पण मग कुणीच आपल्या मुलांचं रक्त तपासलं नसतं. आफरीनला लोहाच्या गोळ्या चालू राहिल्या असत्या आणि ती चारवरच अडत राहिली असती. शिवाय विरजण एका जागी थांबणारी वस्तू नव्हती. दोन वर्षांत त्या चुऱ्याच्या किती मुठी कुठे कुठे गेल्या होत्या कोण जाणे.

“रुखसाना उद्या सकाळी भाजी मागायला येईल,” त्या म्हणाल्या. “तिला काय सांगू? कीड?”

मुरलीधरराव उठून आत गेले.

सकाळी सात वाजता बाईंनी सगळ्यांना कॉलनीच्या मधल्या मोकळ्या जागेत बोलावलं. शाळेत शिकवायच्या तसंच त्यांनी सांगितलं, सरळ आणि क्रमाने. खिळा दाखवला, वराड्यांचा कागद वाचला, ऋजुताचा आकडाही सांगितला. कुणीतरी मधेच “थांबा, थांबा” म्हणालं. पुढच्या रांगेतले झोपेकाका उभे राहिले. बाईंची पहिली टोपली त्यांच्याच दारात लागली होती.

“म्हणजे दोन वर्षं तुम्ही आम्हाला विष खायला घातलंत?”

“हो,” बाई म्हणाल्या.

त्या ‘हो’नंतर जो गलका झाला त्यातलं त्यांना पुढे फारसं आठवलं नाही. कुणी रडत होतं, कुणी छापखान्याच्या नावाने शिव्या देत होतं, दोघी बायकांनी तिथल्या तिथे टोपल्या आणून बाईंच्या पायाशी ओतल्या. रुखसाना मात्र आफरीनला कडेवर घेऊन उभी होती. “रोज येत जा,” हे बाईंचे शब्द तिच्या नजरेत जसेच्या तसे दिसत होते. ती वळली आणि निघून गेली.

आठवड्याभरात सगळ्यांची रक्तं तपासून झाली. अकरा मुलांचे आकडे मर्यादेबाहेर निघाले. आफरीनचा सर्वांत जास्त, चौतीस. जिला सगळ्यांत जास्त भाजी मिळाली होती, तिचाच.

मग मुठींचा शोध सुरू झाला. कुणी फैजपूरला बहिणीला दिली होती, कुणी सावद्याला मामेसासूला, कुणी रावेरला मुलीच्या सासरी. बाईंनी वहीत नावं लिहिली आणि एकेका घरी स्वतः जायचं ठरवलं. फोनवर सांगितलं तर लोक ‘बरं बरं’ म्हणून भाजी खात राहतील, हे त्यांना ठाऊक होतं. जूनच्या उन्हात, डोक्याला ओला पंचा बांधून त्या गावोगाव फिरल्या. एकदा सावद्याच्या बसमध्ये चढल्या तर कंडक्टर रुखसाना. तिने तिकीट दिलं, पुढे गेली. उतरताना मात्र घंटी वाजवायला तिने जरा जास्त वेळ लावला, बाईंचा पाय नीट जमिनीला टेकेपर्यंत.

सत्तावीस मुठी सापडल्या. अठ्ठाविसावी सापडली नाही. झोपेकाकूंनी ती एका लग्नात बऱ्हाणपूरकडच्या कुणा बाईला दिली होती. जांभळी साडी, हसरा चेहरा, बरोबर दोन जुळ्या मुली. नाव विचारायचं राहून गेलं होतं. बाईंनी त्या लग्नातल्या वऱ्हाडाला फोन लावले, तिकडच्या दवाखान्यांना पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. त्या दोन मुली पुढे कित्येक दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर ताट घेऊन बसलेल्या असत.

उरला चुऱ्याचा प्रश्न. चौसष्ट घरांतला तो ढीग घ्यायला कुणी तयार होईना. कुठे नेऊन टाकला तरी विरजण आपलं काम करतच राहणार आणि पावसाचं पाणी ते शिसं विहिरींत नेणार. शेवटी वराडे एक पिशवी घेऊन आले. आत मोहरीचं बी होतं.

“मोहरीला शिसं सोसतं,” ते म्हणाले. “ती ते ओढून घेते आणि पानांत साठवते. एरवी मातीतलं शिसं घट्ट बसलेलं असतं, त्यामुळे तिला वर्षानुवर्षं लागतात. तुमच्याकडे तर ते आधीच मोकळं करून ठेवलंय. ज्याने घोळ घातला त्यालाच निस्तरायला लावू. चाळीस दिवसांनी उपटायची, पिंपात बंद करून आमच्याकडे पाठवायची. पाच पिकं घ्यावी लागतील.”

पहिले काही दिवस बाई आणि मुरलीधरराव दोघंच टोपल्या भरत होते. मुरलीधररावांनी त्या दिवसानंतर अण्णांचं नाव काढलं नव्हतं; सकाळी उठून मुकाट्याने पाणी घालत. हळूहळू लोक आपापल्या टोपल्या घेऊन आले. मनात राग होताच, पण दुसरा उपायही दिसत नव्हता. बाजारात काही नाही, घरात नुसती डाळ, आणि गच्च्यागच्च्यांवर तरारलेली हिरवीगार मोहरी, जिचं पानही तोडायचं नाही. मुलं वर जाऊ नयेत म्हणून आयांनी जिन्याला कुलूप लावून ठेवलं. ऋजुता खिडकीतून ती मोहरी बघायची आणि पडदा ओढून घ्यायची.

ऑगस्टमध्ये ऋजुताला मुलगी झाली. वजन ठीक, रडणं जोरात. नाळेच्या रक्तातला आकडा सहा आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगावर पाजायला हरकत नाही, आणि दर तीन महिन्यांनी तपासत राहू. बाई तेव्हापासून त्या मुलीला बघताना मोजत राहिल्या. आवाजाकडे मान वळवली का? खुळखुळा धरला का? शेजारच्या मुलाने कितव्या महिन्यात धरला होता? ऋजुता एकदा वैतागून म्हणाली, “आई, तिच्याकडे आजीसारखी बघ ना. परीक्षा घेतल्यासारखी काय बघतेस?” पण चिडून बोलली तेवढंच, तीही तेच करत होती.

आफरीनचा आकडा उतरत होता. चौतीस, सव्वीस, एकोणीस, बारा. ही बातमी बाईंना डॉक्टरीणबाईंकडून कळायची. रुखसाना जिन्यात दिसली की बाजूला होऊन वाट देई, बोलत नसे.

जानेवारीत पाचवी मोहरी निघाली. वराड्यांनी चुरा तपासला, मग त्यातच लावलेली मेथी तपासली. दोन्ही मर्यादेच्या पुष्कळ खाली. त्यांनी सही-शिक्क्याचा कागद दिला. बाईंनी तो कॉलनीच्या फलकावर लावला, शेजारी जुड्या ठेवल्या. संध्याकाळपर्यंत एकही जुडी कुणी उचलली नाही. होळीला महिना-दीड महिना उरला होता. आता टोपल्या लागल्या नाहीत तर पुढचा उन्हाळा कोरडा जाणार, हे प्रत्येकाला कळत होतं. कळूनही कुणाचा हात पुढे होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या दारावर थाप पडली. रुखसाना होती. हातात फलकाजवळची एक जुडी.

“बाई, कागद वाचला मी. कागदावर माझा भरवसा नाही. तुम्ही खा. माझ्यासमोर.”

बाईंनी तिला आत घेतलं. जुडी धुतली, खुर्चीवर बसल्या आणि पानं खुडून कच्चीच चावायला लागल्या. कडू होती. रुखसाना समोर बसून बघत राहिली. ऋजुता बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली, दोघींकडे पाहिलं आणि काय होतंय ते समजून तिने एक काडी उचलली.

बाईंच्या हाताने तिचं मनगट पकडलं. त्यांनी ठरवून केलं नव्हतं. हात आपोआप गेला.

ऋजुताने काडी खाली ठेवली. बाईंचा चेहरा कानापर्यंत तापला. ज्या भाजीची हमी फलकावर लावली, तिच्यापासूनच आपल्या लेकीला त्यांनी मागे ओढलं होतं आणि तेही रुखसानासमोर. आता ही बाई उठून जाईल आणि सगळ्या कॉलनीला सांगेल, असं त्यांना वाटलं.

रुखसाना उठली नाही. ती त्या पकडलेल्या मनगटाकडे बघत होती.

“तुम्हालाही भीती वाटते तर,” ती म्हणाली.

“रोज वाटते.”

“मला वाटलं होतं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे म्हणून तुम्ही कागद लावला.” रुखसानाने पदराने डोळे पुसले. “आठ दिवस तुम्ही खा. मीही खाते. मग दोघी रक्त तपासू. वराडे साहेबांच्या यंत्रावर नको, फेगडे डॉक्टरीणबाईंकडे.”

आठ दिवस ती रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी यायची. दोघी समोरासमोर बसून मेथी खायच्या. पहिले तीन दिवस बोलणं झालं नाही. चौथ्या दिवशी तिने विचारलं, बाळ रांगतं का? बाई म्हणाल्या, अजून नाही, पालथी पडते. आफरीनही उशिराच रांगली होती, रुखसाना म्हणाली, तेव्हा तर यातलं काहीच खाल्लेलं नव्हतं तिने.

दोघींचे आकडे आले. बाईंचा पूर्वीपेक्षा कमी, रुखसानाचाही कमी.

त्या दिवशी दुपारी रुखसाना आफरीनला घेऊन वर आली. हातात झाकलेलं ताट होतं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचं कूट घातलेली मेथी, त्यातलीच थोडी मुलीसाठी छोट्या वाटीत. तिने सतरंजीवर मुलीला बसवलं आणि बाईंना समोर बसायला सांगितलं.

“तुमच्यासमोरच भरवते. तोंड फिरवू नका.”

पहिला घास आफरीनच्या तोंडात गेला. बाईंनी तिच्या जबड्याची हालचाल पाहिली, गिळताना हललेला गळा पाहिला. दुसरा घास. तिसरा. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि आतल्या खोलीत ऋजुता बाळाशी काहीतरी बोलत होती. आफरीनला भाजी आवडली होती. वाटी रिकामी झाल्यावर तिने बोट फिरवून कडेला लागलेलं पुसून खाल्लं आणि आईकडे पाहिलं.

“अजून दे.”

रुखसानाने ताटातली भाजी हातात घेतली, पण भरवली नाही. तिने बाईंकडे पाहिलं. मुलीनेही तिकडेच पाहिलं. उत्तर बाईंनीच द्यायचं होतं.

कागद बरोबर होता, आकडे बरोबर होते, आठ दिवस त्यांनी स्वतः खाल्लं होतं. तरीही तो एक शब्द जिभेवर यायला तयार होईना. आफरीन तोंड उघडं ठेवून वाट बघत होती.

“दे,” बाई म्हणाल्या. “दे तिला.”

आणि घास तोंडात जाईपर्यंत त्यांनी तोंड फिरवलं नाही.